सांताक्लॉज आमच्याकडे राहत नाही

(फिनलंडच्या पूर्व सीमेवरच्या उत्तर करेलियात मी वृद्धांच्या घरी जाऊन शुश्रूषा करते. औषधांच्या डब्या भरायच्या, रक्तदाब बघायचा, कॉफी घेतल्याशिवाय उठू देत नाहीत म्हणून कॉफी घ्यायची, आणि पुढच्या घराकडे गाडी वळवायची. या कामाबद्दल दिवाळी अंकात लिहिलं, त्यावर वाचकांची पत्रं आली. संपादकांनी निवडून पाठवलेल्या प्रश्नांना ही उत्तरं.)

तुमचा प्रांत नेमका कुठे येतो? किती मोठा? आणि नॉर्दर्न लाइट्स व सांताक्लॉजचं गाव तुमच्यापासून किती लांब?
— निवृत्त तलाठी, नाशिक

काका, शेवटचं आधी सांगते, कारण हा प्रश्न प्रत्येक पत्रात आहे. सांताक्लॉजचं गाव रोव्हानिएमीला, लॅपलंडमध्ये. आमच्याकडून गाडीने निघालात तर दिवस त्यातच जातो. हिरवे-जांभळे दिवे आमच्याही आकाशात अधूनमधून दिसतात, पण त्यांच्या भरवशावर तिकीट काढू नका. मध्यरात्रीचा सूर्यही आमच्याकडे नाही. जूनमध्ये रात्र नावापुरती होते, अकरा वाजता अंगणात पेपर वाचता येतो. डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम पाच तासांचा.

आता तुमच्या खात्याचा प्रश्न. क्षेत्रफळ पाण्यासकट सुमारे २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे तुमच्या नाशिक जिल्ह्याच्या साधारण दीडपट. माणसं किती? एक लाख साठ हजारांच्या आसपास. त्यांतली जवळजवळ निम्मी एकट्या योएन्सू शहरात. उरलेली कुठे, हे शोधत फिरणं हीच माझी नोकरी. क्षेत्रफळाचा पाचव्या हिश्शाहून थोडा कमी भाग तळ्यांचा आणि बाकीचं बहुतेक जंगल. शेताचा तुकडा दिसला की जवळ घर असणार हे नक्की.

हेलसिंकीहून रेल्वेने साडेचार तासांत योएन्सू येतं. १८४८ साली रशियाचा झार पहिला निकोलस याने हे शहर वसवायला परवानगी दिली. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यात होता. शहर पिएलिसयोकी नदीच्या मुखाशी आहे. ही नदी उत्तरेच्या पिएलिनेन तळ्यातून निघते, आमच्या शहरातून जाऊन सायमाच्या तळ्यांत मिसळते. तिथून ते पाणी वुओक्सी नदीने रशियातल्या लाडोगा सरोवरात आणि पुढे नेवा नदीने सेंट पीटर्सबर्गपर्यंत जातं. माणसांना सध्या तिकडे जाता येत नाही, पाण्याला कोणी अडवत नाही.

डोंगर म्हणाल तर कोली. सर्वोच्च माथा ३४७ मीटर. सह्याद्री बघितलेल्या माणसाला हे टेकाडच वाटणार, मलाही वाटलं होतं. पण माथा पांढऱ्या क्वार्टझाइटचा आहे, सुमारे दोन अब्ज वर्षं जुन्या खडकाचा, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेला. खाली सरळ अडीचशे मीटरवर पिएलिनेनचं पाणी आणि त्यात बेटंच बेटं. एरो यार्नेफेल्ट या चित्रकाराने हे दृश्य पुन्हा पुन्हा रंगवलं. त्याचा मेहुणा म्हणजे संगीतकार सिबेलियस, तोही १९०९ साली त्याच्याबरोबर इथे येऊन गेला. १९९१ पासून कोली राष्ट्रीय उद्यान आहे. मला तिथे सगळ्यांत आवडतं ते वेगळंच. उद्यानवाले मुद्दाम जंगलाचा एखादा तुकडा तोडून, जाळून, त्या राखेत राय नावाचं धान्य आणि सलगम पेरतात. इथली जुनी शेती तशीच होती, ती विसरली जाऊ नये म्हणून. धुराचा वास आला की कोकणातल्या राबाची आठवण येते.

थंडी कडक पडली तर पिएलिनेनवर सरकारी रस्ता आखतात, कोली ते वुओनिसलाहती, बर्फावरून सात किलोमीटर. दोन्ही बाजूंना खुणा, वेगाची आणि वजनाची मर्यादा, पाट्या, सगळं रीतसर. रस्ता खुला झाला की तळ्याला मोठा वळसा घालायचा वाचतो. पहिल्यांदा गाडी घातली तेव्हा मी खिडकी उघडी ठेवली होती, बुडालोच तर बाहेर पडायला. शेजारी बसलेल्या सहकारी बाई शांतपणे मोजे विणत होत्या.

मी खोपोलीच्या वार्टसिला कारखान्यात अनेक वर्षं काम केलं. हे नाव फिनलंडमधल्या एका गावाचं असल्याचं ऐकत आलो. ते गाव तुमच्या भागात आहे का?
— निवृत्त कामगार, खोपोली

आहे! तुमचं पत्र वाचून मी अक्षरशः टुणकन उडाले. गाव आमच्याच प्रांतात, तोहमायार्वी नगरपालिकेत आहे. आणि अर्धंच आहे.

१८३४ साली तिथे ओढ्याच्या पाण्यावर चालणारी एक लाकूडगिरणी निघाली. तीच तुमच्या कंपनीची सुरुवात. पुढे निल्स लुडविग आर्प्पे या उद्योजकाच्या हाती ती आली आणि १८५१ मध्ये त्याने शेजारी लोखंडाचा कारखाना उभारला. इथल्या तळ्यांच्या तळाशी लोहखनिज साचतं, ते काढून वितळवायचे. जहाजांची इंजिनं, वीजनिर्मितीचे संच वगैरे जे तुम्ही हाताळलंत, ते फार नंतरचं.

मग युद्ध. १९४४ च्या युद्धविराम करारात फिनलंडने करेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाला दिला आणि नवी सीमा वार्टसिला गावाच्या मधून गेली. कारखाना पलीकडे राहिला, काही घरं आणि शेतं अलीकडे. कंपनी तोवर देशभर पसरलेली होती, तिचं चालून गेलं. गावाचं नाही. आज फिनलंडकडच्या वार्टसिलात गेलात तर एक निवांत खेडं दिसेल. ज्या कारखान्यामुळे हे नाव खोपोलीपर्यंत पोहोचलं, त्याची जागा सीमेपलीकडे.

त्या सुमारास गेलेल्या भागातून चार लाखांहून जास्त माणसं घरं सोडून फिनलंडच्या आत आली. मी ज्यांच्या घरी जाते त्यांतले काही तेव्हा लहान मुलं होते. त्यांच्या भिंतीवर हमखास एक जुना फोटो असतो: लाकडी घर, दारात गाय, मागे तळं. कुठलं विचारलं की सोर्तावाला, सुओयार्वी, अशी आता रशियात असलेली नावं. आमचा प्रांत म्हणजे करेलियाचा फिनलंडकडे उरलेला एक तुकडा. दुसरा, दक्षिण करेलिया, लापेनरांताकडे. बाकीचा करेलिया रशियात.

वार्टसिलाजवळच नीरालाचा सीमानाका आहे. माझे सहकारी सांगतात, पूर्वी रशियाकडून लोक खरेदीला योएन्सूत यायचे आणि इकडचे पेट्रोल भरायला तिकडे जायचे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस फिनलंडने पूर्वेकडचे सगळे रस्ते-नाके बंद केले. डिसेंबरच्या मध्यावर नीराला आणि वालिमा हे दोन नाके उघडले, आणि दोन दिवस पुरते व्हायच्या आत पुन्हा बंद केले. आमच्या प्रांताला जवळपास ३०० किलोमीटरची रशियाची सीमा लागून आहे. सीमेलगतच्या पट्ट्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. झाडांच्या बुंध्यांवर पिवळे पट्टे रंगवलेले दिसले की मागे फिरायचं. मश्रूम शोधताना मान खाली असते म्हणून अनोळखी जंगलात शिरताना मी हे बजावून घेते.

भीती वाटते का, हेही तुम्ही विचारलंय. इथली माणसं त्यावर फारसं बोलत नाहीत. लाकडं भरून ठेवतात, पाण्याचे कॅन भरून ठेवतात, बॅटरीवरचा रेडिओ चालू आहे ना ते बघतात.

तुमच्याकडे जिल्हा परिषद, पंचायत समिती असं काही असतं का? निधी कुठून येतो? तुम्हाला मत देता येतं का?
— पंचायत समितीच्या माजी सदस्या, इंदापूर

ताई, फिनलंडमध्ये खरी ताकद नगरपालिकांकडे. खेडं असो की शहर, तिथे ‘कुंता’च. आमच्या प्रांतात अशा तेरा आहेत. योएन्सू त्यांत सर्वांत मोठी, बाकी इलोमान्त्सी, लिएक्सा, नुर्मेस, कितेए, ओउतोकुम्पू वगैरे. त्या स्वतःच रहिवाशांच्या उत्पन्नावर कर बसवतात. शाळा, ग्रंथालयं, रस्ते, पाणी त्यांच्याकडे. सर्व नगरपालिकांनी मिळून चालवलेली एक प्रांतिक परिषद योएन्सूत आहे. तिच्यावर थेट निवडणूक नाही, नगरपालिका आपले प्रतिनिधी पाठवतात. प्रांताचा जमीनवापराचा आराखडा आणि युरोपीय संघाचा विकासनिधी हे तिचं काम.

१ जानेवारी २०२३ पासून तिसरी गोष्ट आली आणि माझ्या पगारपत्रकावर तिचंच नाव आहे. दवाखाने, इस्पितळं, वृद्धसेवा, बालसंरक्षण आणि अग्निशमन हे सगळं नगरपालिकांकडून काढून नव्या ‘कल्याण प्रांतां’कडे दिलं. देशात असे २१ आहेत, हेलसिंकी शहर वेगळं. आमच्या प्रांताच्या या संस्थेला सिउन सोते म्हणतात. तिचं सभागृह थेट निवडून येतं. पण मेख बघा: तिला कर बसवायचा अधिकारच नाही. पैसा सगळा सरकारकडून. निर्णय स्थानिक लोकांचा आणि तिजोरीची किल्ली हेलसिंकीत, हे दुखणं तुम्हाला समजावून सांगायला नको.

गव्हर्नरही होता एके काळी. १९६० ते १९९७ उत्तर करेलिया हा स्वतंत्र सरकारी प्रांत होता, मग पूर्व फिनलंडात विलीन झाला, आणि २०१० पासून असे प्रांतच मोडीत निघाले.

मतदान: देशाच्या संसदेसाठी फक्त नागरिकांना. पण नगरपालिका आणि कल्याण प्रांतासाठी, दोन वर्षं इथे सलग रहिवासी असलेल्या परदेशी माणसालाही मत आहे. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. मी मुदतपूर्व मतदान ग्रंथालयात केलं. आडोशाच्या टेबलावर शिसपेन्सिल, दुमडलेल्या कागदावर उमेदवाराचा क्रमांक लिहायचा, शिक्का मारून घ्यायचा आणि घरी. बोटाला शाई नाही, रांग नाही. माझ्या पुढे एक गृहस्थ कुत्र्यासकट आले होते. मला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं झालं. इंदापूरच्या मतदानाची मजा त्यात नव्हती.

हृदयविकार कमी करण्यासाठी उत्तर करेलियात मोठा प्रयोग झाला असं वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो होतो. तिथल्या लोकांना त्याची आज आठवण आहे का?
— डॉक्टर, सांगली

डॉक्टरसाहेब, आठवण आहे म्हणजे काय! मी ज्यांच्या स्वयंपाकघरात बसते, त्यांनीच तो केला.

१९६० च्या दशकात इथले पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते, जगात सर्वाधिक म्हणावं इतके. लाकूडतोडीची अंगमेहनत करणारे, दिसायला धडधाकट, चाळिशी-पन्नाशीत कोसळायचे. जेवण म्हणजे डुकराचं चरबीदार मांस, मलईचं दूध, सगळ्यावर खारं लोणी. १९७२ मध्ये इथली नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसं ब्रेडला लोणीच लावायची. निम्म्याहून जास्त पुरुष सिगारेट ओढायचे. भाजी ही गुरांची वैरण, असं समजणारे होते.

पाठ्यपुस्तकात एक गोष्ट ओझरती येते, ती मला महत्त्वाची वाटते. हा प्रयोग हेलसिंकीने लादलेला नव्हता. जानेवारी १९७१ मध्ये गव्हर्नर एसा तिमोनेन, इथले खासदार आणि संस्था यांनी सरकारकडे अर्ज केला की आमची माणसं मरताहेत, काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि त्याचं नेतृत्व पेक्का पुस्का या अवघ्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरकडे दिलं.

त्यांनी ओळखलं की नुसती पत्रकं वाटून काही व्हायचं नाही. बायकांची मार्ता ही संस्था गावोगाव होती, तिला हाताशी धरलं. संध्याकाळी शाळेत जमायचं, डॉक्टर थोडंसं बोलणार, मग मार्तावाल्या बायका तीच जुनी रस्सेदार डिश कमी चरबीत आणि जास्त भाजीत रांधून दाखवणार, मग सगळे मिळून जेवणार. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्पर्धा लावल्या. सॉसेजवाल्यांनी चरबीच्या जागी थोडे मश्रूम घालून बघितले. दूधवाले शेतकरी साहजिकच चिडले, लोण्यावर त्यांचं पोट होतं. त्यांना बेरीची लागवड करायला मदत केली. थंड हवेत येणाऱ्या मोहरीवर्गीय तेलबियांचं तेल देशात वाढलं. पुढे हे सगळं देशभर नेलं. चाळीसेक वर्षांत इथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले.

माझ्याकडच्या एक आजी, वय नव्वदीच्या आतबाहेर, त्या काळी मार्तात होत्या. फ्रिज उघडला की वरच्या कप्प्यात वनस्पती तेलाचं मार्जरिन, अगदी समोर, नर्सला दिसेल असं. खालच्या कप्प्यात दुधाच्या खोक्यामागे लोण्याची वडी. मी बघते हे त्यांना माहीत आहे. ‘ते पिराक्कांसाठी,’ म्हणतात. पिराक्का म्हणजे राय धान्याच्या पातळ पारीत दुधातल्या भाताचं सारण भरून भाजलेला इथला पदार्थ. नवरा बावन्नाव्या वर्षी सरपणाच्या ढिगाशेजारी गेला, असंही त्यांनीच सांगितलं, लोण्याची वडी जागेवर ठेवता ठेवता.

लोक कुठला धर्म पाळतात? रशियाचा काही प्रभाव?
— इतिहासाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

फिनलंड बहुतांशी लुथेरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चन. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन देशात एखादा टक्काच, पण आमच्याकडे त्यांचं प्रमाण बरंच जास्त. योएन्सूत ‘चर्च रस्ता’ आहे: एका टोकाला लाल विटांचं लुथेरन चर्च, दुसऱ्या टोकाला १८८७ चं लाकडी ऑर्थोडॉक्स चर्च, संत निकोलसचं. मधे चालत जायचं अंतर. इथल्या विद्यापीठात दोन्ही परंपरांचं धर्मशास्त्र शिकवतात.

‘रशियन धर्म’ म्हटलेलं मात्र इथल्या ऑर्थोडॉक्स लोकांना खपत नाही. त्यांचं चर्च १९२३ पासून मॉस्कोच्या नव्हे, तर कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) धर्मपीठाच्या छत्राखाली आहे, आणि ईस्टर ते लुथेरन शेजाऱ्यांबरोबर एकाच दिवशी करतात, जे ऑर्थोडॉक्स जगात फार विरळा. २० जुलैला संत एलियाचा सण इलोमान्त्सीत होतो: चर्चमधली प्रार्थना, मिरवणूक, मग कॉफी आणि भरपूर खाणं. पंथाची चौकशी कोणी करत नाही, ताटली मात्र हातात देतात.

वालामोच्या मठाची कथा वार्टसिलासारखीच. मूळ मठ लाडोगा सरोवरातल्या बेटावर. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात भिक्षू मूर्तिचित्रं आणि घंटा घेऊन निघाले आणि १९४० मध्ये हेइनावेसीत नवा मठ मांडला. आज तिथे बेरीची वाइन गाळतात, आणि चांगली गाळतात. गंमत म्हणजे हेइनावेसी २०२१ पर्यंत आमच्या प्रांतात नव्हतंच. शेजारच्या दक्षिण साव्होतून निघून ते आमच्याकडे आलं. मठ जागचा हलला नाही, सीमारेषा हलली.

रशियाचा प्रभाव शोधायला निघालीस तर लिएक्साजवळ पातेरीलाही जा, जरी तिथे तो सापडणार नाही. एवा र्‍यूनॅनेन या शिल्पकार बाईने स्वतःच्या शेतघरामागे जंगलात लाकडाचं छोटं चर्च उभारलं, १९९१ मध्ये पूर्ण झालं. वेदी म्हणजे एका प्रचंड झाडाचा मुळांसकट बुंधा, आणि मागे काचेतून जंगल. तुमच्या पिढीला सांगायचं तर नाइटविश हा बँडही आमच्याच कितेएचा, १९९६ पासूनचा.

मुलाला योएन्सूत शिकायला पाठवावं का?
— पालक, पुणे

प्रकाशशास्त्रात, म्हणजे फोटॉनिक्समध्ये, किंवा जंगलशास्त्रात रस असेल तर जरूर. पूर्व फिनलंड विद्यापीठ त्यात चांगलं आहे. युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून इंग्रजीतल्या पदव्युत्तर शिक्षणाला शुल्क आहे, शिष्यवृत्ती बघा. नोकरीचं मात्र खरं सांगते: इथली बेकारी देशाच्या सरासरीहून नेहमीच जास्त. फिनिश शिकल्याशिवाय इथे निभाव लागत नाही, आणि ते दोन महिन्यांत येत नाही.

उन्हाळा असतो का हो?
— वाचक, नागपूर

असतो. फिनलंडमधलं आजवरचं सर्वोच्च तापमान, ३७.२ अंश, २९ जुलै २०१० रोजी योएन्सूच्या विमानतळावर नोंदलं गेलं. नागपूरकरांनी हसू नये, इथे घरात पंखे नसतात.

करेलियन पिराक्का घरी कसे करायचे?
— गृहिणी, चिपळूण

अगदी होतील. नाव युरोपीय संघाने २००३ पासून पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षित केलंय, त्यामुळे पारीत फेरफार केला तर त्यांना ‘करेलियन’ म्हणून विकू नका, एवढंच.

सारण आधी करा. एक वाटी चिकट तांदूळ (आंबेमोहर छान) थोड्या पाण्यात उकळून मग पाच वाट्या दुधात मंद आचेवर तासभर शिजवा, मीठ घाला, साखर नाही. घट्ट होऊन पूर्ण गार झालं पाहिजे. पारीला राय धान्याचं पीठ दोन वाट्या, गव्हाचं अर्धी वाटी, मीठ, गार पाणी. लिंबाएवढे गोळे करून पातळ लाटा. आजी म्हणतात, टेबलाची नक्षी खालून दिसली पाहिजे. लाटणं सडपातळ हवं, दोन्ही टोकांना निमुळतं. तुमचं पोळीचं चालेल. मधे सारण पसरा, दोन्ही कडा आत वळवून अंगठा आणि तर्जनीने चुण्या घाला. मोदकाच्या कळ्या करणाऱ्या हाताला हे शिकवायला नको.

ओव्हन कडक तापवा, इथे २७५ ते ३०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटांत होतात. तुमचा २५० लाच थांबत असेल तर पाच मिनिटं जास्त द्या. बाहेर काढल्याबरोबर वितळलेलं लोणी आणि गरम दूध एकत्र करून वरून फासा आणि फडक्याखाली झाकून ठेवा, नाहीतर पारी पापडासारखी राहील. वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून लावतात. सांगलीच्या डॉक्टरांना कळवायची गरज नाही.